पायरव

आवाज मुंगीचा, पाय माझे.
मालवा हाउसच्या स्टुडिओत
एकोणीस वर्षं आमचं असंच चाललं.
तो माइकपाशी, पान उलटतानाही कागद न वाजवणारा,
आणि मी कोपऱ्यात, लाकडी ट्रेमधल्या
वाळूवर, गिट्टीवर, फुटक्या फरशीवर
त्याच्यासाठी चालत.

अच्युत मुंगी. आडनावाला साजेशीच कामं.
करारपत्रात पात्राच्या रकान्यात यायचं:
डाकिया. दुसरा गावकरी. सावकाराचा मुनीम.
एकदा नुसतंच 'खोकणारा'.
त्या खोकल्याच्या त्याने घरी इतक्या तालमी केल्या
की खालच्या दिघ्यांनी आल्याचा काढा आणून दिला.
तोही प्यायला. म्हणाला, मानधनात धर.

दिवसा मिलच्या टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं.
माणसं तिथूनच उचलायचा.
"तो जॉबर बघ, 'हाँ' म्हणायच्या आधी थुंकी गिळतो.
आवाज मी आणला. पाय तू आण."
मग मी सियागंजात हमालांच्या मागे,
कोर्टाच्या जिन्यावर पक्षकारांच्या मागे,
मान खाली घालून, काही हरवल्यासारखा.
डाकियाची डावी चप्पल फटकते.
सावकार आधी टाच टेकवतो.
मुनीम चालतच नाही, सरकतो.

मिलला कुलूप लागलं त्या वर्षी
मुंबईहून मालिकेचं बोलावणं आलं.
हवालदार. चार भाग.
तिसऱ्या रात्री, अकरानंतर, एसटीडी स्वस्त झाल्यावर
पळशीकर डॉक्टरांकडे फोन. मला उठवून नेलं.
"घोळ झालाय रे. दारापासून टेबलापर्यंत
चालत यायचंय, बस.
सकाळपासून अकरा टेक.
मिशी आहे, काठी आहे, वाक्यंसुद्धा आहेत.
पाय कुठे टाकू कळत नाही.
हवालदार कसा चालतो?"

मी रिसीव्हर फरशीवर आडवा ठेवला,
डॉक्टरांचे बूट चढवले
आणि चाललो.
ठक. ठक. मध्ये किंचित फरफट,
सायकलने खाल्लेल्या गुडघ्याची.
दारापासून टेबलापर्यंत. परत.
तिकडे मीटर पडत होतं.
"हं," तो म्हणाला. "वळतो कसा?"
मी वळलो.
डॉक्टरीणबाई पडद्याआडून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

तो भाग लागला तेव्हा अर्धी रामबाग
मुंग्यांच्या दोन खोल्यांत. पोहे, वर सेव,
कुणीतरी जिलबी आणलेली.
सगळे तोंड बघत होते, मी खाली बघत होतो.
चौकट कमरेशीच कापलेली.
पाय आलेच नाहीत.

आले ते सात वर्षांनी, दुसऱ्याच मालिकेत:
पांढऱ्या चादरीखालून दोन तळवे,
अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली.
कुमुदवहिनींनी उठून टीव्ही बंद केला,
घरी परतल्यावर त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून
आधी डोक्यावरून पाणी ओतलं.
तो मात्र खुशीत. ओल्या बनियनवर मला सांगत होता,
"बघितलंस? शेवटी पाय घेतले."

रेडिओतल्या टेपा पुसल्या गेल्या कधीच.
त्याच्या डाकियावर आता सोयाबीनचे भाव असतील,
मुनिमावर कुणाचं तरी उद्घाटनाचं भाषण.
माझा वाळूचा ट्रे भंगारात निघाला, चौदा रुपयांना.
मीच घेणार होतो. सुट्टे नव्हते.

तेराव्याला गेलो त्याच्या घरी.
जिना अंधारा, कठडा डगमगता.
माझं वय झालंय, मी जपून चढत होतो,
असं मला वाटत होतं.
वरून वहिनींचा आवाज आला:
"आलात? भाजी मिळाली का?"

मी थबकलो.
मग ऐकलं, आत्तापर्यंत जे चाललो ते.
डावी चप्पल. थोडं थांबणं. उजवी, घासत.
हे कुणाच्याच पात्राचं नव्हतं.
हे मी कधी उचललं?

वरची पायरी बाकी होती.
वर भांडी वाजायची थांबली होती.
मी उभा,
एक पाय उचललेला.